भाऊबिजेचा खेळ आणि निसटलेले कोपर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एकत्र कुटुंबाचे आहे. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव, व्यवसाय आणि नात्यांपलीकडचे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. घरात आजी-आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि या दांपत्याची दोन मुले आहेत. त्या वेळी थोरली मुलगी सव्वादोन वर्षांची, तर धाकटा मुलगा पाच महिन्यांचा होता.

मुलांना मारणे या घरात कोणालाच पसंत नव्हते. उलट मुलांशी भरपूर खेळणारी माणसे अशीच या कुटुंबाची शेजारीपाजारी ओळख होती. वडील संध्याकाळी कामावरून आले की धाकट्याला दोन्ही हातांनी वर उडवून झेलत. आजोबा थोरलीला पायावर बसवून झुलवत. मुलांचा मामा दिवाळीत पुण्याहून आला की मुलीचे दोन्ही हात धरून तिला गरगर फिरवणे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना तळवे लावून तिला वर उचलत ‘मुंबई दिसली का?’ असे विचारणे, हे त्याचे ठरलेले खेळ असत. यातला एकही खेळ या घराने शोधून काढलेला नाही. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी लहानपणी अशाच रीतीने मुंबई पाहिली असेल, आणि तीच या प्रश्नातील मोठी अडचण आहे.

घटना

भाऊबिजेच्या दिवशी ओवाळणी आणि जेवण उरकल्यावर संध्याकाळी मामाने भाचीला मनगटांना धरून फिरवायला सुरुवात केली. मुलगी हसत होती आणि ‘अजून, अजून’ म्हणत होती. तिला खाली टेकवताना मामाचा एक हात सुटला आणि क्षणभर तिचा सगळा भार डाव्या मनगटावर आला. ती किंचाळली, थोडा वेळ रडली आणि आईच्या कुशीत जाऊन शांत झाली. त्यामुळे प्रसंग संपला असे सर्वांना वाटले. तासाभराने आजीच्या लक्षात आले की मुलगी लाडू उजव्या हातानेच घेते आहे, आणि डावा हात कोपरात किंचित वाकवून, तळवा आतल्या बाजूला वळवून पोटाशी धरून बसली आहे. हाताला कोणी स्पर्श केला नाही तर ती रडत नव्हती. झबले काढायला घेतले की मात्र आकांत करत होती. कुठे सूज नव्हती, हात वेडावाकडा दिसत नव्हता आणि अंगावर खरचटल्याची खूणही नव्हती.

आईने सर्व काही डोळ्यांनी पाहिले होते. मात्र आपला भाऊ सणाला आलेला पाहुणा, त्याच्या हातून असे झाले हे सासरी कसे सांगायचे, या संकोचाने ती म्हणाली, ‘खेळताना पडली असेल.’ भावानेही बहिणीच्या बोलण्याला दुजोरा दिला. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. घरात कटुता येऊ नये एवढेच त्यांना हवे होते. पुढच्या चार दिवसांतील बहुतेक निर्णय मात्र या एका वाक्याच्या आधारे घेतले गेले.

त्या रात्री समोर असलेले पर्याय

रात्री घरात तीन मते पडली. आजीचे म्हणणे होते की हात लचकला आहे, कोमट तेलाने चोळून दिला की सकाळपर्यंत बरा होईल. आजोबांनी शेजारच्या गावातील हाडवैद्याचे नाव सुचवले, कारण त्यांच्या स्वतःच्या खांद्याला त्याच्याकडे आराम पडला होता. वडिलांचे मत होते की सकाळी एक्स-रे काढल्याशिवाय हाताला कोणी काही करू नये. शेवटी वडिलांचे म्हणणे मान्य झाले. आजीने तेल लावायला सुरुवात केली तेव्हा मुलगी इतकी रडली की तो प्रयत्न तिथेच थांबला.

या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हा होता आणि तो योग्य होता. लहान मुलाने हात वापरणे थांबवले की घरातल्यांना त्यामागचे कारण कळत नसते. ते निखळणे असू शकते, तसेच कोपराच्या वरचे मोडलेले हाडही असू शकते. मोडलेल्या कोपराला चोळले तर सांध्याभोवतीच्या स्नायूत हाड धरून कोपर कायमचे आखडू शकते. त्यावर लेप लावून कामट्या घट्ट आवळल्या तर हाताचा रक्तपुरवठा तुटून स्नायू मरतात आणि बोटे वाकडीच राहतात. क्वचित हात कापावा लागतो. ग्रामीण भागात काम करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना ही उदाहरणे ऐकून नव्हे, तर पाहून माहीत असतात. हाडवैद्यांमध्ये हातात कसब असलेली माणसे आहेत, आणि निसटलेले कोपर त्यांच्यापैकी काही जण बसवतही असतील. पण हाड मोडले आहे की कोपर निसटले आहे हे आधी ठरवण्याचे साधन त्यांच्याजवळ नसते.

पहिला उपचार आणि अर्धवट माहिती

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या ठिकाणच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी मुलीला तपासले. ‘पडली’ हीच माहिती त्यांना मिळाली. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही. लहान मुलाच्या कोपराचा बराचसा भाग कूर्चेचा असतो, आणि कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही. त्यामुळे पडल्याची माहिती, हात न वापरणे आणि निर्दोष एक्स-रे या तिन्हींचा एकत्र विचार करता दडलेला अस्थिभंग असू शकतो असे समजून हात स्थिर ठेवणे आणि आठवड्याने पुन्हा पाहणे हा रूढ मार्ग आहे. त्यांनी कच्चे प्लास्टर घातले आणि आठ दिवसांनी बोलावले. मिळालेल्या माहितीवरून या निर्णयात दोष काढता येत नाही.

मुलगी मात्र बरी होत नव्हती. रात्री कूस बदलताना ती जागी होई, आणि आईचा संकोच आता अपराधीपणाकडे वळू लागला होता. मामा दुसऱ्याच दिवशी पुण्याला परतला होता आणि रोज फोन करून भाचीची चौकशी करत होता.

निदान कसे बदलले

चौथ्या दिवशी धाकट्याला सर्दी-ताप आला म्हणून आई आणि सासूबाई दोन्ही मुलांना घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेल्या. बाळाला तपासून झाल्यावर डॉक्टरांचे लक्ष प्लास्टरकडे गेले. त्यांनी ‘काय झाले?’ असे विचारले तेव्हा पुन्हा ‘पडली’ हेच उत्तर आले. पुढचा प्रश्न मात्र त्यांनी निराळा विचारला. ती कशावरून पडली, शरीराचा कोणता भाग आधी जमिनीला टेकला आणि त्याच्या आधीची पाच मिनिटे घरात काय चालले होते, हे त्यांनी विचारले. आई गप्प राहिली. डॉक्टरांनी सासूबाईंना बाळाचे वजन करून आणण्यासाठी परिचारिकेबरोबर बाहेर पाठवले आणि आईला म्हटले, ‘ताई, कोणाला दोष द्यायचा नाही. हाताला ओढ बसली होती की मार, एवढेच मला कळायला हवे. त्यावर औषध ठरणार आहे.’ त्यानंतर खरी हकीकत बाहेर आली.

येथे प्रश्नाची रचना निर्णायक ठरली. ‘कोणी केले?’ असे विचारले की घर गप्प होते, कारण उत्तरात माणसाचे नाव द्यावे लागते. ‘त्याआधी काय चालले होते?’ असे विचारले की खेळाचे वर्णन करता येते, आणि डॉक्टरांना हवे असते तेही वर्णनच. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत उपयुक्त उपचार हा प्रश्नच होता, आणि त्याला कसलाही खर्च आला नाही.

कोपरात नेमके काय घडते

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे, म्हणजे रेडियसचे, कोपराकडील टोक एका गोलाकार अस्थिबंधाने जागच्या जागी धरून ठेवलेले असते. मनगटावर बांगडी असावी तसा हा बंध हाडाच्या टोकाभोवती असतो. मोठ्या माणसात तो जाड आणि हाडाला पक्का चिकटलेला असतो. तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलात तो पातळ आणि खालच्या बाजूने सैल असतो. हात कोपरात सरळ आणि तळवा खाली वळलेला असताना मनगटाला किंवा पंजाला ओढ बसली, तर बंध हाडाच्या टोकावरून सरकून सांध्यात अडकतो. हाड मोडत नाही, सूज सहसा येत नाही आणि एक्स-रेही निर्दोष येतो; पण बंध चिमटीत सापडल्यामुळे कोपर किंवा तळवा फिरवताना जोरात दुखते आणि मूल हात हलवणेच सोडून देते. या दुखण्याला डॉक्टर ‘पुल्ड एल्बो’ म्हणतात. ते मुख्यतः एक ते चार वर्षे वयात आढळते, पाच वर्षांनंतर दुर्मिळ होत जाते आणि डाव्या हाताला अधिक होते. त्याचे एक साधे कारण असे सांगितले जाते की बहुतेक मोठी माणसे उजव्या हाताने मुलाचा डावा हात धरतात.

या मुलीचा हात कसा धरलेला होता, सूज का नव्हती, न हलवता ती शांत का होती, या सर्व गोष्टी खरी हकीकत कळताच जुळून आल्या.

उपचार

बालरोगतज्ज्ञांपुढे दोन मार्ग होते. प्लास्टर काढून स्वतःच कोपर बसवण्याचा प्रयत्न करणे शक्य होते, किंवा ज्यांनी प्लास्टर घातले त्यांच्याकडेच नव्या माहितीसह परत पाठवणे शक्य होते. त्यांनी दुसरा मार्ग निवडला आणि अस्थिरोगतज्ज्ञांना फोन करून बदललेली हकीकत सांगितली. एका डॉक्टरने दुसऱ्याच्या उपचाराबद्दल रुग्णासमोर नाक मुरडणे हे आपल्याकडे नवीन नाही. तसे येथे झाले असते, तर कुटुंबाचा दोघांवरचाही विश्वास गेला असता.

त्याच दुपारी प्लास्टर काढण्यात आले. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पुन्हा पाहिला. कोपरात रक्त साचले की चरबीची सावली जागेवरून सरकलेली दिसते. तशी खूण नव्हती. हाडावर कोठेही दाबल्यावर ठणका नव्हता आणि बोटांची हालचाल व नाडी ठीक होती. मुलीला आईच्या मांडीवर बसवून, एका हाताने कोपर आधाराला धरून त्यांनी दुसऱ्या हाताने तिचा तळवा पूर्णपणे खाली वळवला आणि कोपरावर ठेवलेल्या बोटाला हलकासा खटका जाणवला. तळवा वर फिरवून कोपर दुमडण्याची जुनी रीतही प्रचलित आहे. मात्र अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात जुन्या रीतीचा पहिला प्रयत्न सुमारे २६ टक्के मुलांत, तर तळवा खाली वळवण्याचा सुमारे ९ टक्के मुलांत फसल्याचे दिसले, त्यामुळे आता तळवा खाली वळवण्याची रीत आधी वापरली जाते.

ताज्या दुखण्यात मूल दहा-पंधरा मिनिटांत हात वापरू लागते. येथे चार दिवस गेले होते, त्यामुळे पाऊण तास उलटला तरी मुलगी हात पोटाशीच धरून होती. पुन्हा प्रयत्न करायचा की थांबायचे, हा तेव्हाचा प्रश्न होता. खटका स्पष्ट जाणवला होता आणि तळवा फिरवताना ती आता पूर्वीसारखी रडत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी थांबायचे ठरवले. तिच्या उजव्या हातात बाहुली देऊन डाव्या बाजूने बिस्किटाचा पुडा पुढे केल्यावर काही वेळाने तिने डावा हात लांबवला. रात्री ती दोन्ही हातांनी वाटी धरून जेवली.

हे वर्णन वाचून कोपर घरी बसवून पाहण्याचा मोह कोणालाही होऊ नये. मूल पडलेले असेल, कोपर सुजलेले किंवा वेडेवाकडे दिसत असेल, ताप असेल, बोटे गार किंवा पांढरी पडत असतील, तर अशी हालचाल मोडलेल्या हाडाची टोके आणखी सरकवू शकते आणि शेजारच्या रक्तवाहिनीला व नसांना इजा करू शकते.

संशय घ्यायचा की नाही

आधी ‘पडली’ आणि मग ‘फिरवले’ अशी हकीकत बदलली की मुलावर घरात अत्याचार तर होत नाही ना, ही शंका डॉक्टरांनी घेतलीच पाहिजे. चांगले घर, ओळखीची माणसे या कारणांनी ती टाळता येत नाही. बालरोगतज्ज्ञांनी मुलीला कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत तपासले. बाळालाही तसेच तपासले, कारण जे बाळ अजून रांगत नाही त्याच्या अंगावर काळानिळा डाग दिसला तर त्याचे स्पष्टीकरण मागावे लागते. दोघांच्याही अंगावर कोणतीही खूण नव्हती. मुलगी घरातल्या माणसांकडे बिनधास्त जात होती, दुसरी हकीकत इजेशी तंतोतंत जुळत होती, आणि पहिली हकीकत का सांगितली गेली याचे कारणही समजण्यासारखे होते. या चार गोष्टींवरून त्यांनी ही खेळातली इजा असल्याचा निष्कर्ष काढला आणि तो कारणांसह कागदावर नोंदवला. याच्या उलट काही आढळले असते, तर बालकल्याण समितीला कळवणे किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनची मदत घेणे हा पुढचा टप्पा होता.

धाकट्या बाळाचा प्रश्न

पुढच्या भेटीत वडीलही आले होते. मामाच्या खेळाबद्दल बोलणे चालू असताना सासूबाई सहज म्हणाल्या, ‘हा तरी काय कमी आहे? बाळाला रोज पंख्याखाली उडवतो.’ वडील हसले आणि म्हणाले की बाळ खदखदून हसते, त्याला आवडते. आजोबांचे म्हणणे होते की त्यांनी स्वतःच्या मुलांनाही असेच उडवले होते आणि कोणाला काही झाले नाही. या दोन्ही युक्तिवादांना उत्तर द्यावे लागले. बाळ हसते म्हणजे त्याला धोका कळतो असे नाही, आणि ज्यांना काही झाले नाही त्यांचाच अनुभव घराघरांत सांगितला जातो.

डॉक्टरांनी धोके एका दमात न सांगता वेगळे केले, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. जन्मतः बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, तर मोठ्या माणसात ते जेमतेम एक अष्टमांश असते. मानेचे स्नायू दुबळे असतात, आणि मेंदूपासून कवटीखालच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा जोरदार हिसक्याने तुटू शकतात. बाळाला धडाला धरून त्वेषाने गदागदा हलवले तर मेंदूभोवती आणि डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होतो, हे ब्रिटिश शल्यविशारद नॉर्मन गथकेल्च यांनी १९७१ मध्ये आणि अमेरिकेतील जॉन कॅफी यांनी १९७२ मध्ये मांडले, आणि तेव्हापासून बाळाला हलवू नये ही सूचना जगभर दिली जाते. मात्र अशी इजा सहसा रडणे थांबत नाही म्हणून संतापाच्या भरात हलवल्याने होते. पाळणा हलवणे, झोळीत झुलवणे, मांडीवर हळूच नाचवणे यांनी ती होत नाही. वडील हळूच उडवून झेलत होते. हे गदागदा हलवणे नव्हे, असे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले. त्याच वेळी खेळ किती जोराचा झाला हे खेळणाऱ्याला कळत नाही आणि मान धरलेले बाळही हिसका सोसू शकत नाही, म्हणून दोन वर्षांखालील मुलाला उडवूच नये, असा सल्ला त्यांनी दिला.

त्यांच्या मते या घरात अधिक जवळचे धोके दोन होते. पहिला झेल सुटण्याचा, कारण खाली फरशी होती. दुसरा धोका पंख्याचा होता. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने हात पूर्ण वर केले की तळवे जमिनीपासून साडेसहा-सात फुटांवर जातात. काखेत धरलेल्या बाळाचे डोके त्याच्याही वर फूटभर असते. घरातील पंख्याची पाती जेमतेम आठ फुटांवर होती. म्हणजे बाळाला उडवायचीही गरज नव्हती, नुसते कौतुकाने वर उचलणे पुरेसे होते. १२०० मिलिमीटरचा छतपंखा मिनिटाला साधारण ३५० फेरे घेतो, तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जातो. पंख्याच्या पात्याने कवटी खचल्याची उदाहरणे भारतातील मेंदूशल्यविशारदांनी नोंदवलेली आहेत. हा हिशेब ऐकल्यावर वडिलांनी वाद घातला नाही. घरी जाऊन त्यांनी टेप लावून पंख्याची उंची मोजली.

‘मुंबई दाखवणे’ हा खेळ मात्र कोणत्याही वयात, कितीही हळू खेळला तरी बंद करायला सांगितले गेले. त्यात मुलाचे सगळे वजन मानेवर लोंबते. लहान मुलांच्या मानेचे बंध सैल असतात, आणि या वयात एक्स-रे निर्दोष असूनही मज्जारज्जूला इजा झालेली असू शकते.

वडिलांनी विचारलेला पुढचा प्रश्न कठीण होता : ‘बाळाला आधीच काही झाले असेल का? डोक्याचा सीटी स्कॅन करू या का?’ बाळाची टाळू मऊ आणि सपाट होती, डोक्याचा घेर वयाप्रमाणे वाढत होता, ते दूध नीट पीत होते, नजर स्थिर करून हसत होते. टाळूवरून सोनोग्राफी करता आली असती, पण कवटीलगतचा पातळ रक्तस्राव तिच्यात निसटू शकतो. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग होतो, आणि लक्षण नसताना तो करण्याला आधार नव्हता. म्हणून तपासणी न करता लक्ष ठेवायचे ठरले. पुन्हा पुन्हा उलटी, न उठणारी गुंगी, फुगलेली टाळू, झटके, दूध ओढण्याची ताकद कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे, हे लिहून दिले गेले. केवळ पालकांच्या समाधानासाठी तपासणी लिहून देणे सोपे होते; न करण्याची कारणे समजावून सांगायला अधिक वेळ लागला.

खेळ बंद करा असे मात्र कोणी सांगितले नाही. अंगाशी येऊन खेळणारी माणसे मुलाला हवी असतात. पुष्कळ घरांत वडिलांचा मुलाशी खरा संबंध याच खेळातून जुळतो. गादीवर लोळणे, गुडघ्यांवर घोडा होऊन पाठीवर बसवणे, चेंडू ढकलणे, आरशासमोर तोंडे करणे असे पर्याय सुचवले गेले, आणि उचलायचे असेल तर काखेत दोन्ही हात घालूनच उचलायचे, हे वडिलांकडून तिथेच करवून घेतले गेले. मामालाही फोनवर सर्व सांगण्यात आले. त्याने बहिणीला स्वतःहून म्हटले की घरात खरे काय ते सांग, आणि आईने त्याच आठवड्यात सासरी ते सांगितले. अपेक्षेइतकी कटुता आली नाही. आजोबा थोडे दिवस पुटपुटले, एवढेच.

परिणाम

धाकट्याला उडवणे थांबले. सहा महिन्यांच्या पाठपुराव्यात त्याची वाढ आणि विकास ठीक होता. मुलीच्या हातात कोणतेही व्यंग राहिले नाही.

मात्र सुमारे दोन महिन्यांनी तिचा तोच हात पुन्हा निसटला. या वेळी मामा नव्हता आणि खेळही नव्हता. लग्नाला जाताना एसटीची उंच पायरी चढवण्यासाठी आजीने तिचा डावा पंजा धरून तिला वर ओढले. मुलीने हात पोटाशी धरला, आईने ती धरण्याची तऱ्हा लगेच ओळखली, आणि लग्न सोडून ती थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेली. तासाभरात कोपर बसले आणि दहा मिनिटांत मुलगी हात हलवू लागली. एकदा बंध निसटला की पुढील काही महिने तो पुन्हा निसटण्याची शक्यता राहते. अशा दर चार-पाच मुलांत साधारण एकाला हे पुन्हा होते.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या रात्रीच खरी हकीकत सांगितली गेली असती, तर चार दिवसांचे दुखणे आणि प्लास्टर टळले असते, हे उघड आहे. पण केवळ आईला दोष देऊन भागत नाही. पहिल्या तपासणीच्या वेळी मुलीभोवती घरातले चौघे उभे होते आणि प्रश्न सर्वांसमोर विचारला गेला. अशा वेळी सून आपल्या भावाचे नाव घेणार नाही, हे आपल्या कुटुंबपद्धतीत वाढलेल्या कोणालाही कळते. मुलाला सांभाळणाऱ्या व्यक्तीशी दोन मिनिटे एकट्याने बोलणे, आणि हात न वापरणाऱ्या लहान मुलाच्या बाबतीत ‘हाताला ओढ बसली होती का?’ असे थेट विचारणे, हे गर्दीच्या दवाखान्यातही करता येण्यासारखे आहे.

त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट दुसऱ्या वेळच्या निसटण्यात आहे. पहिल्या वेळचा सल्ला ‘दांडगे खेळ नकोत’ या शब्दांत घरी पोहोचला, आणि घराने तो मामाशी जोडला. मामा पुण्याला गेला तसा धोकाही गेला, अशी सर्वांची समजूत झाली. आजीच्या मनात आपण करतो तो खेळ नव्हताच. ती नातीला पायरी चढवत होती. कोपराला मात्र मामाची ओढ आणि आजीची ओढ सारखीच लागते. हट्ट करून रस्त्यात बसलेल्या मुलाला हाताला धरून उठवणे, घट्ट स्वेटरच्या बाहीतून पंजा खेचून काढणे, गर्दीत चालताना हिसका देऊन जवळ ओढणे, या सर्वांनी हेच घडते. सल्ला देताना माणसापेक्षा पकड सांगायला हवी होती : पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला मनगटाने किंवा पंजाने उचलायचे, ओढायचे किंवा झुलवायचे नाही. तो सल्ला आजीलाही समोर बसवून द्यायला हवा होता, कारण दिवसातले सर्वांत जास्त तास मुलगी तिच्याच हाताशी होती. पहिल्या भेटीत आजीला बाळाचे वजन करायला बाहेर पाठवणे योग्यच होते. त्यानंतर तिला आत बोलावून नातीला कसे उचलायचे हे करून दाखवायचे मात्र राहून गेले.

दुसऱ्या वेळेनंतर अस्थिरोगतज्ज्ञांनी आजीकडूनच नातीला काखेत धरून टेबलावर चढवून घेतले. गुडघेदुखीमुळे तिला वाकून मुलीला उचलता येत नाही, ही अडचण तेव्हा पहिल्यांदा समोर आली. त्यावर तोडगा असा निघाला की एसटीत चढताना मुलीला आधी कंडक्टरने किंवा बरोबरच्या माणसाने उचलून घ्यावे आणि आजीने मागून चढावे. जूनमध्ये मुलगी अंगणवाडीत जाऊ लागली तेव्हा आईने सेविका आणि मदतनीस या दोघींना डाव्या कोपराबद्दल सांगितले, आणि वर्तुळ करून हात धरून फिरण्याच्या खेळात हिला ओढू नका, अशी विनंती केली. त्यानंतरच्या तपासणीपर्यंत कोपर पुन्हा निसटलेले नव्हते.